एकाच पेडलवर केबल आणि ऑइल ब्रेक: या चुका टाळा

घरी बांधलेल्या गाडीत ब्रेक बहुतेक वेळा हाताशी आलेल्या भागांतून जमतात. पुढे डिस्क आणि तिला पॅडच्या चिमट्यात धरणारा कॅलिपर, मागे केबलवर चालणारा ड्रम, आणि दोन्हींना मिळून एकच पेडल. या जोडणीत मुळात वावगं काही नाही. 1946 साली आलेल्या बेंटली मार्क सिक्सला पुढे हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावरचे, आणि मागे मेकॅनिकल ब्रेकच होते. घोटाळा होतो तो दोन्ही यंत्रणा जिथे एकत्र येतात त्या जागी. ऑइल दाबाची भाषा बोलतं, केबल अंतराची. कॅलिपरमधले पॅड झिजले की पिस्टन आपोआप थोडा पुढे सरकून बसतो आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल ती जागा भरतं. केबलला असं काही जमत नाही. ड्रममधले लायनर, म्हणजे घासणारे अस्तर, झिजले की तिचा ढिलेपणा वाढतच जातो.

दोन्ही थेट पेडलला बांधणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पेडलच्या एका भोकात मास्टर सिलिंडरचा (ऑइल ढकलणाऱ्या पंपाचा) पिस्टन ढकलणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, दुसऱ्या भोकात केबलचं क्लेव्हिस, म्हणजे टोकाचा पिनवाला चिमटा, झालं काम. मग होतं असं, की केबल आधी ताणली गेली तर पेडल तिथेच अडतं आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्धवट दबून राहतो. पायाला पेडल दगडासारखं घट्ट लागतं, म्हणून ब्रेक झकास वाटतो. पुढची चाकं मात्र जेमतेम धरतात. उलट केबल ढिली असेल तर मागचा ड्रम नुसता शोभेला. अॅडजस्टर कितीही फिरवला तरी हे कायमचं जुळत नाही, कारण आज जुळवलेलं लायनर थोडे झिजले की पुन्हा बिघडतं.

यावर उपाय बॅलन्स बार. पेडल बारला मधोमध ढकलतं, एका टोकाला पुशरॉड, दुसऱ्याला केबल. एक बाजू आधी घट्ट झाली तर बार तिरका होतो आणि दुसरी बाजू पुढे जात राहते. बार पुढे सरकताना केबल ओढली गेली पाहिजे, म्हणून तिच्या बाहेरच्या नळीचं टोक बारच्या मागे पक्कं बांधायचं. मागच्या ड्रमची केबल तशीही मागूनच येते, त्यामुळे हे सोयीचंच पडतं.

बार बसवला, पण त्याला तिरकं व्हायला जागाच ठेवली नाही, असंही सर्रास होतं. आणि तिरकेपणाला मर्यादा घालणारा स्टॉप नसेल तर त्याहून वाईट: केबल तुटली की बार पूर्ण कलंडतो आणि पुशरॉडवर जोरच येत नाही. खात्री करायची तर गाडी उभी असताना केबलचं क्लेव्हिस काढा आणि पेडल दाबा. पेडल तळाला टेकायच्या आत पुढची चाकं धरली पाहिजेत. मग केबल लावून पुढचा ब्लीडर निपल (कॅलिपरमधली हवा काढायचा स्क्रू) उघडा, खाली बाटली धरा, पुन्हा दाबा. आता मागचं चाक धरायला हवं. यातल्या एकाही परीक्षेत नापास झालेली गाडी जागची हलवू नका.

पायाचा जोर फुकट वाढत नाही

समजा पायाने 30 किलोचा जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर, म्हणजे पेडल जोर किती पट करतं ते, 5 आहे. पुशरॉडशी 150 किलो मिळाले. 19 मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) मास्टर सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण 2.84 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 53 किलो दाब. आता पेडल मधोमध ढकलेल असा बॅलन्स बार लावून केबल जोडली. पुशरॉडला उरले 75 किलो, दाब आला 26 वर. कालपर्यंत बरा लागणारा पुढचा ब्रेक आज निम्मा झाला. लोक मग पॅड बदलतात, पुन्हा पुन्हा एअर काढतात. ऑइलमध्ये काही दोष नसतोच.

इथे 16 मिलिमीटरचा मास्टर लावला तर दाब 37 पर्यंत जातो, पण तेवढंच ऑइल ढकलायला पिस्टनला सुमारे 1.4 पट जास्त सरकावं लागतं. पेडल तळाला टेकणार नाही ना, ते आधी मोजा. मोटरसायकलच्या हँडलवरचा छोटा मास्टर दोन मोठ्या कॅलिपरना जोडणारे इथेच फसतात. बार केबलकडे किंवा पुशरॉडकडे सरकवून जोराची वाटणी बदलता येते. मात्र एक नियम पक्का: जोरात दाबल्यावर पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक झाली तर गाडी फिरते.

पुशरॉडला प्ले न ठेवणं

पेडल सोडलेलं असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण 1 मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी जागा, हवी. ती नसेल तर मास्टरमधलं बारीक छिद्र बंद राहतं, तापून फुगलेलं ऑइल टाकीत परतत नाही आणि ब्रेक हळूहळू स्वतःच लागत जातो. काही अंतर चालवल्यावर गाडी जड वाटते, थांबून गार झाली की पुन्हा मोकळी होते. असं असेल तर आधी इथे पाहा. पेडलचा परतीचा स्प्रिंग कमजोर असला किंवा केबल अडकून पेडलला पुढेच अडवून ठेवत असली तरी लक्षण हेच.

केबलच्या बाजूचे घोटाळे

ड्रमच्या लिव्हरशी केबलचा कोन ब्रेक लागलेल्या क्षणी 90 अंशाच्या आसपास असावा. त्यापुढे गेला की पेडल जितकं दाबाल तितका उपयोग कमी. दोन्ही मागच्या चाकांना एकच केबल जात असेल तर मध्ये ओढ दोन्हीकडे सारखी वाटणारा इक्वलायझर हवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. सस्पेन्शन असेल तर कुणाला तरी मागे बसवून गाडी दाबायला सांगा आणि जॅकवरच्या नव्हे, जमिनीवरच्या गाडीची केबल पाहा. सस्पेन्शन दबताना ती ताणली जात असेल तर खड्ड्यात ब्रेक आपोआप लागणार. आणि केबलला शक्य तितकी कमी वळणं द्या, कारण प्रत्येक वळण जोर खातं.

हँडब्रेक मात्र केबलचाच ठेवा. ऑइलचा दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह पार्किंगसाठी वापरायचा मोह टाळा. ऑइल गार झालं की आकसतं, दाब उतरतो, आणि उतारावरची गाडी निघून जाते.

पेडल स्पंजी का?

एअर काढूनही पेडल मऊ राहिलं तर कॅलिपरचा निपल सगळ्यात वर आहे का ते पाहा. डावं कॅलिपर उजवीकडे लावलं की निपल खाली जातो आणि वर अडकलेली हवा कितीही पंप मारले तरी निघत नाही. ते ठीक असेल तर कुणाला तरी पेडल दाबायला सांगून ब्रॅकेटकडे बघा. पातळ पत्र्यावर वेल्ड केलेलं ब्रॅकेट डोळ्यांदेखत वाकतं. ऑइलबद्दल एवढंच: डॉट 4 हे ब्रेक ऑइल लागणाऱ्या सिस्टिममध्ये मिनरल ऑइल गेलं की सील फुगून कामातून जातात. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचा.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागेवर चालण्याच्या वेगात घ्या आणि बाजूला उभ्या माणसाला कुठलं चाक आधी थांबतं ते बघू द्या. नवी केबल सुरुवातीला हमखास सैल होते, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर ती आवळून बॅलन्स बार पुन्हा सरळ आहे ना ते तपासा.