रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवताना या चुका टाळा

ॲपमधून रिपोर्टची सीएसव्ही फाईल डाउनलोड झाली की लगेच डबल-क्लिक करायची सवय आधी मोडा. सीएसव्हीत नुसता मजकूर आणि मध्ये स्वल्पविराम असतात. कोणता कॉलम संख्येचा आणि कोणता मजकुराचा, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. एक्सेल ते अंदाजाने ठरवतं. ००४५१ चं ४५१ झालं तर निदान डोळ्यांना दिसतं. खरा घात लांब क्रमांकांत होतो, कारण एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरतं आणि सोळाव्यापासून पुढे शून्य भरतं.

एका ऑफिसात पेमेंटचा ताळमेळ लागत नव्हता म्हणून मला बोलावलं होतं. व्यवहार क्रमांक १६ अंकी, ओळीने दिलेले. रिपोर्ट काढणाऱ्या मुलाला क्रमांकाच्या जागी मध्येच ‘ई’ आलेलं काहीतरी दिसलं. त्याने फॉरमॅट ‘नंबर’ केला, क्रमांक पूर्ण दिसायला लागले, त्याने सेव्ह केलं. शेवटचा अंक मात्र सगळीकडे शून्य. शेजारशेजारचे दहा व्यवहार एकाच क्रमांकाचे झाले आणि क्रमांक शोधून त्यापुढची माहिती आणणारा व्हीलुकअप फॉर्म्युला दर वेळी त्यातला पहिलाच उचलू लागला. सगळे फॉर्म्युल्यात चूक शोधत बसले होते. फॉर्म्युला अगदी बरोबर होता. मूळ फाईलवरच सेव्ह केल्यामुळे रिपोर्ट पुन्हा काढावा लागला, पण तोवर काही व्यवहारांचं स्टेटस बदललं होतं. त्या दिवसाचं चित्र पुन्हा मिळालंच नाही.

कॉलम नंतर ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेला अंक परत येत नाही. म्हणून मी रिकामी शीट उघडते, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घेते आणि ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त जाऊन क्रमांकांचे कॉलम टेक्स्ट करते. तिथे एक्सेल विचारतं तेव्हा ‘रिप्लेस करंट’च निवडा, नवी पायरी जोडलीत तर सुरुवातीची शून्यं आधीच्या पायरीत गळून गेलेली असतात. मिनिटभराचं काम आहे. ज्यांना तेवढाही धीर नसतो, त्यांच्याच फाईली नंतर दिवसभर निस्तराव्या लागतात. डाउनलोड झालेली मूळ फाईल मी वेगळ्या फोल्डरमध्ये रीड-ओन्ली करून ठेवते आणि काम कॉपीवरच करते.

मराठी नावांचा कचरा दिसला तर ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त जाण्याआधीच्या खिडकीत ‘फाईल ओरिजिन’ यूटीएफ-८ करा. डेटा बहुधा शाबूत असतो.

स्क्रीनवरचा तक्ता माउसने ओढून कॉपी करू नका. कधीच नाही.

ओळी मोजल्याशिवाय रिपोर्ट पुढे पाठवू नका. काही ॲप फक्त समोरचं पान एक्स्पोर्ट करतात, काहींत कालचा फिल्टर तसाच लागलेला असतो. शिवाय शीटची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची, आणि जुन्या एक्सएलएस फॉरमॅटच्या फाईलची अवघी ६५,५३६. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले, ते याच जुन्या फॉरमॅटमध्ये ओळी न मावल्यामुळे. ॲप दाखवतं ती संख्या आणि शीटमधली संख्या जुळलीच पाहिजे.

तारखांचा कॉलम थोडा रुंद करून बघा. काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटल्या असतील तर दिवस-महिना उलटे वाचले गेलेत. २५/०४ ला पंचविसावा महिना सापडत नाही म्हणून ती मजकूर म्हणून डावीकडे राहते आणि लगेच कळते. ०३/०४ मात्र गुपचूप ४ मार्च होऊन उजवीकडे बसते, म्हणून नुसत्या डावीकडच्या तारखा हाताने दुरुस्त करू नका. पूर्ण कॉलम दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून पुन्हा इम्पोर्ट करा.