सॉफ्टवेअर अस्सल की नकली, डबल क्लिक करायच्या आधी कसं ओळखायचं

माझ्या मामेभावाने व्हिडिओ एडिटिंगचं एक महागडं सॉफ्टवेअर "फुल क्रॅक" म्हणून, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकट केलेलं, उतरवलं. झिपला पासवर्ड, पासवर्ड शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये, आणि खाली सूचना की आधी अँटीव्हायरस बंद करा. त्याने केला. दोन दिवसांत त्याचं ईमेल गेलं, मग इन्स्टाग्राम, आणि सॉफ्टवेअर तर उघडलंच नाही शेवटपर्यंत.

झिपला पासवर्ड लावतात तो तुमच्यासाठी नाही, स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून. दुसरी खूण फाइलच्या साइझची, झिप असते 10-15 एमबीची आणि उघडली की सेटअप थेट 700 एमबी, कारण आत नुसते शून्य भरलेले असतात. व्हायरसटोटलवर, म्हणजे बऱ्याच अँटीव्हायरसने फाइल तपासून देणाऱ्या साइटवर, 650 एमबीच्या वरची फाइल चढत नाही, म्हणून हा फुगवटा.

हा माल येतो टॉरेंटवरून, यूट्यूब व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवरून, आणि सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीतूनसुद्धा. व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर), ओबीएस (स्क्रीन रेकॉर्डिंगचं) असली फुकट सॉफ्टवेअरं पण नकली साइटवरून वाटली गेलीत, तेव्हा जाहिरात सोडा आणि पत्ता अक्षर न अक्षर वाचा.

फाइल आली की राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे कंपनीचं नाव हवं आणि डिटेल्समध्ये सही ठीक असल्याचं दिसायला हवं. छोट्या ओपन सोर्स प्रोग्रामला कधीकधी सही नसते, तेव्हा मूळ साइटवर दिलेला 64 अक्षरांचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, जुळवा, सेव्हन-झिप (फुकट झिप सॉफ्टवेअर) असेल तर राइट क्लिकमध्येच तो निघतो.

स्वस्तातल्या "लाइफटाइम की" (सॉफ्टवेअर चालू करायचा कोड) बद्दल विचारतात लोक. यातल्या बऱ्याच की कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या (एकगठ्ठा बऱ्याच मशीनसाठी घेतलेल्या) असतात, एकच की शेकडो जणांना विकलेली, आणि ब्लॉक झाली की विकणारा गायब. आपलं विंडोज तपासायचं असेल तर सीएमडी उघडून इंग्रजीत एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय टाइप करा. डिस्क्रिप्शनमध्ये रिटेल (सुटं विकत घेतलेलं) किंवा ओईएम (पीसीसोबत आलेलं) दिसलं तर बहुतेक वेळा ठीक. घरच्या पीसीवर केएमएस क्लायंट दिसलं तर कुणीतरी जुगाड करून दिलंय, कारण केएमएस ऑफिसांसाठी असतं आणि दर 180 दिवसांच्या आत त्याला संस्थेच्या सर्व्हरशी बोलावं लागतं.

पैसे नाहीत म्हणून क्रॅक घेणाऱ्यांचा मला राग येत नाही, खरंच नाही, पण लिबरऑफिस (डॉक्युमेंटसाठी), गिंप (फोटोसाठी), दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती (व्हिडिओसाठी) एकदा तरी वापरून बघा.

आणि क्रॅक आधीच चालवला असेल तर नेट लगेच तोडा. पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला, त्याच मशीनवर बदलला तर नवा पण जाईल. मग प्रत्येक अकाउंटमध्ये "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" करा, हे लोक विसरतात, पण चोराने ब्राउझरच्या कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) उचलल्या असतील तर त्याला पासवर्ड आणि ओटीपी लागतच नाही. शेवटी फोटो आणि डॉक्युमेंट तेवढी बाजूला काढून विंडोज मूळ साइटवरच्या इन्स्टॉलरने नव्याने टाका, जुनी सेटअप फाइल बॅकअपमध्ये चुकूनही घेऊ नका.