जपानी प्रोटोटाइप शर्यतींचा मोसम इंधनाच्या हिशोबाने कसा वाचावा

जपानची अखिल जपान स्पोर्ट्स प्रोटोटाइप स्पर्धा, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेल्या मोटारींच्या लांब पल्ल्याच्या शर्यती, १९८३ ते १९९२ या काळात भरत असे. तिच्या शर्यतींची जुनी चित्रफीत पाहताना बहुतेक जण पुढची गाडी कोणती एवढेच टिपतात आणि मग मधल्या तासांना कंटाळतात. माझ्या मते या शर्यती इंधनाच्या हिशोबाशिवाय कळतच नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पाऊस घराबाहेर पडू देत नाही, तेव्हा कोकणात हा हिशोब शिकायला निवांत वेळ मिळतो. वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने चित्रफीत आधीच उतरवून ठेवावी आणि ओलीने शाई फुटते म्हणून नोंदी पेन्सिलीने कराव्यात.

प्रथम मर्यादा समजून घ्यावी. ग्रुप सी या वर्गातल्या, म्हणजे या स्पर्धेत धावणाऱ्या गाड्यांच्या जागतिक नियमांत टाकी १०० लिटरची होती आणि १९८५ पासून १,००० किलोमीटरच्या शर्यतीला एकूण ५१० लिटर इंधन मिळे. जपानमधल्या फुजी स्पीडवे या शर्यतमार्गाची फेरी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ४.४७ किलोमीटरची होती, म्हणजे १,००० किलोमीटरला २२४ फेऱ्या. ५१० ला २२४ ने भागले की फेरीमागे साधारण २.२८ लिटर येतात. हा आकडा वहीच्या माथ्यावर लिहून ठेवावा. सुझुका या दुसऱ्या जपानी मार्गाची फेरी ५.८६ किलोमीटरच्या आसपास असल्याने तिथे तोच आकडा तीन लिटरच्या जवळ जातो.

आता प्रत्येक गाडीसाठी एक ओळ आखून ती कोणत्या फेरीला पिटमध्ये, म्हणजे इंधन भरण्याच्या व टायर बदलण्याच्या थांब्यावर आली आणि किती सेकंद थांबली हे लिहावे. या दराने भरलेली टाकी जेमतेम ४४ फेऱ्या पुरते. गाडी ३८ व्या फेरीलाच टाकी रिकामी करून आली असेल, तर ती फेरीमागे २.६ लिटर जाळते आहे आणि शेवटच्या तासात तिला वेग सोडावा लागणार, हे समालोचकाच्या आधी आपल्याला कळते. मात्र टाकीत इंधन शिल्लक असतानाही संघ गाडी बोलावतात, म्हणून एका थांब्यावरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन थांबे पाहावेत आणि थांब्याची लांबीही ताडावी, कारण जास्त इंधन भरायला जास्त वेळ लागतो.

खोल समुद्रात गेलेला तांडेल परतीचे डिझेल राखूनच जाळे टाकतो. जपानी चालक कुनिमित्सु ताकाहाशी पोर्शे गाडी तशीच चालवत असत. इंजिनात जास्त हवा कोंबून शक्ती वाढवणाऱ्या टर्बोचा दाब चालकाला कमी-जास्त करता येई, आणि तो कधी वाढवायचा हीच खरी कला होती. त्यांनी १९८५, १९८६, १९८७ आणि १९८९ मध्ये या स्पर्धेचे विजेतेपद मिळवले, तेही पोर्शेच्या कारखान्याच्या नव्हे, तर खासगी जपानी संघाकडून. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या पात्रता फेरीतल्या वेळा वेगळ्या पानावर लिहाव्यात. तिथे इंधन जपावे लागत नसे, त्यामुळे इंजिनातून शर्यतीपेक्षा कितीतरी जास्त शक्ती काढली जाई आणि पहिल्या रांगेतली गाडी शर्यतीत पहिली राहीलच असे नसे.

पाऊस आला की हा सगळा हिशोब बाजूला ठेवावा लागतो. वेग घटला की इंधन आपोआप वाचते आणि टायर व चालकाची हिंमतच निर्णायक ठरते. १९८५ च्या फुजीच्या जागतिक शर्यतीत मुसळधार पावसामुळे परदेशी संघांनी माघार घेतली आणि शर्यतही छोटी करण्यात आली, तेव्हा जपानी चालक काझुयोशी होशिनो निस्सान इंजिनाची मार्च ८५जी ही गाडी चालवत जिंकले. आपल्याकडे आषाढात घाट उतरवणाऱ्याला त्या दिवशीचे काम किती कठीण होते हे सांगावे लागणार नाही. अशा शर्यतीसाठी इंधनाचा रकाना कोरा ठेवून त्या जागी टायर केव्हा बदलले ते लिहावे.

एका शर्यतीचा हिशोब नीट जमला की १९८९ आणि १९९० हे मोसम लागोपाठ घ्यावेत. पहिल्यात पोर्शेची शेवटची सरशी दिसते, तर दुसऱ्यात मासाहिरो हासेमी आणि अँडर्स ओलोफसन यांची निस्सान विजेती ठरते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकाच मार्गावरचे थांबे जुळवून पाहिले, तर सत्ता कशी बदलली याचा माग लागतो.