जुन्या कॅसेट बघायला जाण्याआधी

चतुर्थीच्या साफसफाईत गोव्यातल्या घरांचे माळे रिकामे होतात आणि बोटीवर नाहीतर आखातात नोकरीला असलेल्या कुणा काका-मामांनी मुलांसाठी आणलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट बाहेर येतात. अशा कॅसेट विकत घेऊन जमवत असाल, तर ‘पिशवीभर आहेत, बघून जा’ असा फोन आला की लगेच स्कूटर काढू नका. फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्या. कॅसेट कुणी, कुठून आणि साधारण कधी आणल्या, हे एक. आणि त्या खोलून बघितलेल्या चालतील का, हे दुसरं. खोलायला नकार असेल तर महागड्या कॅसेटसाठी पैसे नेऊच नका. लेबल आज कुठेही छापून मिळतं, खरं काय ते आतला सर्किट बोर्डच सांगतो.

कुठून आणल्या यावर निम्मी तयारी ठरते. जपानच्या असतील तर बहुधा फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या गेम खेळायच्या यंत्राच्या: लहान, रंगीत, ६० पिनांच्या. अमेरिकेच्या असतील तर त्याच यंत्राच्या तिथल्या आवृत्तीच्या: मोठ्या, राखाडी, ७२ पिनांच्या. लेबलावरच्या कोडची शेवटची अक्षरंही बघा. ‘यूएसए’ कळतंच, ‘एनओई’ म्हणजे जर्मनीचा माल, ‘एफएएच’ म्हणजे फ्रान्स आणि हॉलंडचा. मामांची बोट रॉटरडॅमला लागायची असं घरचे सांगतात आणि कॅसेटवर ‘एफएएच’ दिसतं, तर हकिकत जुळते. इथल्याच दुकानातून नव्वदच्या दशकात घेतलेल्या असतील तर त्या फॅमिकॉमच्या नकला आहेत असं धरून चाला. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजकेच गेम पुन्हा पुन्हा फिरवलेले असतात. आपली पिढी त्यांच्यावरच खेळली, म्हणून त्या जपायलाच हव्यात. पण ओरिजिनलच्या भावाने घ्यायच्या नाहीत.

पिशवीत सगळ्यात आधी ३.८ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे या कॅसेटच्या स्क्रूंसाठीचा खास ड्रायव्हर टाका. राखाडी कॅसेट आणि गेमबॉयच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या कॅसेट यांचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघत नाहीत, आणि पकडीने पिळले तर कवच ओरबाडतं. अगदी सुरुवातीच्या राखाडी कॅसेटना मात्र साध्या खाचेचे पाच स्क्रू असतात, तेव्हा चपटा ड्रायव्हरही राहू द्या. त्याच्या पुढच्या पिढीच्या गेमबॉय अॅडव्हान्ससाठी तीन पात्यांचा बारीक ड्रायव्हर लागतो. फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेटना स्क्रूच नसतो, कवच नुसतं खटक्यांवर बसलेलं असतं. ते तुटायला वेळ लागत नाही, म्हणून तिथे न उघडता खालच्या फटीतून टॉर्च मारून बघावं. बाकी भिंग, कापसाच्या काड्या, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, झिपच्या पिशव्या आणि स्वतःचं चालू स्थितीतलं यंत्र. त्या घरातलं यंत्र चालेल या भरवशावर जाऊ नका.

तिथे पोचल्यावर फोनवर होकार मिळालेला असला तरी प्रत्येक कॅसेटला ‘काकू, ही उघडू का?’ असं विचारा आणि त्यांच्या समोरच उघडा. बोर्डवर निन्टेन्डोचं नाव आणि साल छापलेलं दिसायला हवं. कोनामी, नामको, सनसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी फॅमिकॉमसाठी स्वतःचे बोर्ड बनवले होते, तिथे त्यांचं नाव असेल. मग चिपवरचा चार आकडी कोड भिंगातून वाचा: ८८३२ म्हणजे १९८८ सालचा ३२वा आठवडा. गेम बाजारात आल्यानंतरची तारीख असली तर ती पुढच्या खेपेची कॅसेट. पण गेम येण्याच्या कित्येक वर्षं आधीची चिप असेल तर दुसरीकडून काढून बसवलेली समजा. चिपऐवजी काळा डांबरासारखा ठिपका दिसला तर बहुतेक वेळा नक्कल. थोड्या अस्सल कॅसेटमध्येही तो सापडतो, म्हणून नुसत्या ठिपक्यावर निकाल देऊ नये.

सगळ्यात जास्त नकला पोकेमॉनच्या. त्यातल्या गेमबॉय अॅडव्हान्सवरच्या ‘एमराल्ड’ची कॅसेट हातात आली की आधी उजेडासमोर धरा. खरी हिरवी पण पारदर्शक असते, आतला बोर्ड अंधुक दिसतो. पिनांच्या लगेच वर निन्टेन्डोचं नाव दिसतं. लेबल तिरकं धरलं की त्यावर दाबून उमटवलेला दोन अंकी आकडा, कधी जोडीला एक अक्षर, नजरेस येतं. ती सुरू केल्यावर आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला तर विकणारी मंडळी ओशाळतात आणि भाव उतरवायला तयार होतात. तो उतरवून घेऊ नका. ती बॅटरी फक्त घड्याळासाठी असते, सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, वेगळ्या चिपवर राहतो, आणि इतक्या वर्षांनी तो संदेश येणं साहजिक आहे. पोकेमॉनच्याच जुन्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’चं उलट: तिथे सेव्हसुद्धा बॅटरीवरच टिकतो, सेल बदलला की पुसला जातो. घरातल्या मुलाचा जुना खेळ अजून आत असेल, तेव्हा सेल बदलण्याआधी त्यांना जरूर विचारा.

सोनेरी कॅसेट बघून हुरळू नका. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेली ‘झेल्डा’ या गेमची कॅसेट सोनेरीच होती आणि लाखोंनी विकली गेली. खरोखर दुर्मीळ ती १९९० च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स या स्पर्धेची सोनेरी कॅसेट, जिच्या अवघ्या २६ प्रती निघाल्या.

आपल्या हवेचाही हिशोब धरा. इतके पावसाळे माळ्यावर काढलेल्या कॅसेटच्या पिना काळवंडलेल्या आणि स्क्रू तांबेरलेले असणारच. लेबल कोरं करकरीत असेल तर आतला बोर्ड दोनदा तपासा. फुंकर मारायची जुनी सवय सोडा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवा आणि पूर्ण सुकल्यावरच यंत्रात घाला. खोके आणि पुस्तिका वेगळ्या पिशवीत ठेवा, बुरशी एकीवरून दुसरीवर जाते. झिपच्या पिशवीत सिलिका जेल घाला, जून ते सप्टेंबर ते अधूनमधून बदला. कुणाकडून आली, कुठल्या बंदरातून, कुठल्या साली, हे कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून त्याच पिशवीत टाका. लेबलावर काहीही चिकटवू नका.