जानेवारीच्या भाडेवसुलीआधी: मेलबॉक्सच्या दुकानाची तयारी

मी मेलबॉक्स भाड्याने देतो, म्हणजे ग्राहकांचं टपाल माझ्या दुकानाच्या पत्त्यावर येतं. जानेवारी उजाडला की त्या दुकानातल्या जवळपास निम्म्या मेलबॉक्सची मुदत एकदम संपते. म्हणून डिसेंबरचा दुसरा आठवडा मी आता फक्त या तयारीला देतो. गेल्या वर्षी जुलैच्या खेपेला तो वेळ दिला नाही. भाड्याची आठवण, लेट फी आणि बॉक्स बंद करणं हे सगळं सॉफ्टवेअरवर सोपवून मोकळा झालो. त्यात एका कुटुंबाचं जे नुकसान झालं ते पुन्हा कुणाचं होऊ नये, यासाठी हे लिहितोय. मी न्यू जर्सीत आहे. अमेरिकेत इतरत्र आपल्यापैकी कुणी असं दुकान चालवत असेल किंवा चालू दुकान विकत घेण्याच्या विचारात असेल, तर टपाल खात्याचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

आधी दराचा तक्ता, छापील पावत्या, किल्ल्यांचा हिशोब. हे कुणीही करतं, पुढे चला.

मग ग्राहकांची यादी काढा. सॉफ्टवेअरमधली नव्हे, कागदावर छापून. बॉक्सचा नंबर, नाव, मुदत संपण्याची तारीख, भाड्याची रक्कम, कार्डाची मुदत आणि शेवटी दुसरा संपर्क. हा शेवटचा रकाना ज्याचा रिकामा असेल त्याच्या नावावर लाल खूण करा. दुसरा संपर्क म्हणजे ग्राहकाचाच दुसरा ईमेल नाही, ऑफिसचा फोनही नाही. दुसरा संपर्क म्हणजे दुसरा माणूस: बायको, नवरा, भाऊ, मुलगी, इथला शेजारी, नाहीतर भारतातल्या घरचा व्हॉट्सॲप नंबर. यादीत बाकी काही राहिलं तरी निभावेल, हा रकाना रिकामा ठेवू नका.

का, ते सांगतो. एक गृहस्थ, आपलेच, तीन वर्षांचे ग्राहक, कधी एक दिवस उशीर नाही. १ जुलैला त्यांची मुदत संपली. कार्ड जूनअखेर बाद झालं होतं, त्यामुळे आपोआप कापून घ्यायची रक्कम कापली गेली नाही. सॉफ्टवेअरने तीन ईमेल पाठवले. ते गेले त्यांच्या आधीच्या कंपनीच्या पत्त्यावर, आणि ती नोकरी त्यांनी एप्रिलमध्येच सोडली होती. मी स्वतः एक कागदी चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्याच बॉक्समध्ये टाकली. वडील आजारी म्हणून ते नागपूरला गेलेले. बॉक्स उघडणार कोण? पडद्यावर मात्र तिन्ही ईमेलसमोर ‘पाठवले’ असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं, आणि मी त्या हिरव्या अक्षरांवर विसंबलो. एकतिसाव्या दिवशी सॉफ्टवेअरने बॉक्स बंद केला, मी कुलूप बदललं आणि त्यांच्या नावाने येणारी पत्रं परत पाठवायला लागलो. त्यात त्यांच्या पत्नीच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातली बोटांचे ठसे देण्याच्या तारखेची नोटीस होती. सप्टेंबरमध्ये ते परतले तेव्हा ती तारीख उलटून गेली होती. काउंटरवर उभे राहून ते एवढंच म्हणाले, “अहो, एक फोन केला असतात तर.” त्यांनी पत्नीच्या भावाचा नंबर पहिल्याच दिवशी मला दिला होता. मी तो कुठेच नोंदवला नव्हता.

पैशांचा प्रश्नच नव्हता. भाडं थकवणाऱ्यांपैकी बहुतेकांचं असंच असतं: कार्ड बाद झालेलं, नोकरी बदललेली, माणूस गावाला गेलेला. भाडं बुडवणारे फार थोडे. म्हणून सगळी व्यवस्था थोड्या लबाडांना धरून नका लावू.

आता करारपत्र. लेट फी किती, कितव्या दिवशी, एकदाच की दर महिन्याला, हे करारात लिहिलेलं आणि त्याखाली ग्राहकाची सही असलीच पाहिजे. भिंतीवर पाटी लावली म्हणजे झालं असं समजू नका. रक्कमही झालेल्या तोट्याला धरून हवी. तोट्याशी संबंध नसलेला दंड कोर्टात टिकत नाही. माझ्याकडे छोट्या बॉक्सला १० डॉलर, एकदाच, मुदतीनंतर दहाव्या दिवशी. सॉफ्टवेअरमध्ये हे नीट तपासा. माझ्या जुन्या सेटिंगमध्ये लेट फी दर आठवड्याला पुन्हा लागत होती आणि ते मला चार महिन्यांनी कळलं. १ जानेवारीला आणि जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी टपाल बंद असतं. तुमचंही दुकान बंद असेल तर त्या दिवशी कुणाला लेट फी लागता कामा नये. ज्या दिवशी माणूस पैसे भरायला येऊच शकत नाही त्या दिवसाचा दंड घेणं बरोबर नाही.

करारात आणखी एक कलम: भाडं थकलं तर तुम्ही दुसऱ्या संपर्काला फोन करू शकता, याला ग्राहकाची परवानगी. ही सही नसेल तर त्या माणसाला फोन करताना तुमचीच जीभ अडखळते, आणि ते रास्तही आहे, कारण कुणाचं भाडं थकलंय हे तिसऱ्याला सांगायचं नसतं. फोनवर एवढंच बोला: “त्यांच्याशी तातडीने बोलायचंय, त्यांना निरोप द्याल का?” रकमेचा उल्लेख नको.

मोबाइलवर मेसेज पाठवण्याचीही वेगळी लेखी परवानगी घ्या. नको असलेल्या फोन-मेसेजवर बंधनं घालणाऱ्या १९९१ च्या टीसीपीए कायद्यापासून हा विषय इथे गंभीर आहे, आणि ‘मेसेज नको’ म्हणणाऱ्याला पुन्हा मेसेज जाता कामा नये. शिवाय सॉफ्टवेअरच्या नंबरावरून जाणारे मेसेज मोबाइल कंपन्यांकडे नोंदणी केलेली नसेल तर वाटेतच अडवले जातात. ईमेलचंही तेच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले आहेत. तुमच्या दुकानाच्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे दाखवणाऱ्या, नोंदी नसतील तर तुमची आठवण थेट स्पॅममध्ये पडते, नाहीतर परत येते. हे तुम्हाला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला बोलावून एका दुपारी करून घ्या. मग स्वतःच्या तीन वेगवेगळ्या खात्यांवर एकेक ईमेल पाठवून बघा. ‘पाठवला’ आणि ‘पोचला’ यांत फरक आहे, आणि ‘पोचला’ आणि ‘माणसाने वाचला’ यांत त्याहून मोठा.

आता फॉर्म १५८३ ची फाइल. टपाल खात्याच्या भाषेत आपण सीएमआरए, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने टपाल स्वीकारणारे. या फॉर्मशिवाय आणि दोन ओळखपत्रांशिवाय कुणाचंही टपाल घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. भाड्याशी त्याचा संबंध असा, की फॉर्मवरचा घरचा पत्ता, फोन आणि ईमेल हे सही केली त्या दिवसाचे असतात. चार वर्षांपूर्वीच्या फॉर्मवरचा फोन आज कुणाचा असेल, सांगता येत नाही. डिसेंबरमध्ये प्रत्येकाला एकेक छोटा मेसेज पाठवा: “तुमचा नंबर, ईमेल आणि दुसरा संपर्क बदललाय का? उत्तर जरूर द्या.” ज्याचं उत्तर आलं त्याच्यापुढे तारीख टाका. ज्याचं आलं नाही त्याला फोन. फोन लागला नाही तर दुसऱ्या संपर्काला फोन, आत्ताच, डिसेंबरमध्ये, भाडं थकायच्या आधी. तेव्हा बोलणंही सोपं जातं. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्या आणि नंबर चालू आहे एवढं बघून घ्या. कधीही न लावलेला नंबर म्हणजे दुसरा संपर्क नव्हे. एकदा लावून, पलीकडून आवाज ऐकून मगच वहीत लिहा.

भारतात फोन करायचा असेल तर हिवाळ्यात न्यू जर्सीच्या सकाळी साडेआठला तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तीच वेळ बरी.

आठवणींचं वेळापत्रक मी असं ठेवलंय. मुदतीच्या ३० दिवस आधी पहिली, १० दिवस आधी दुसरी, मुदतीच्या दिवशी तिसरी. मजकूर छोटा: बॉक्स नंबर, रक्कम, तारीख, पैसे कसे भरायचे, उशीर झाला तर कितव्या दिवशी किती लागेल. ‘अंतिम सूचना’ वगैरे शब्द पहिल्याच ईमेलमध्ये घालू नका. नियमित भरणारा माणूस दुखावतो. मुदतीनंतर पाचव्या दिवशी मी स्वतः फोन करतो. दहाव्या दिवशी लेट फी. आणि पंधराव्या दिवशी दुसऱ्या संपर्काला फोन, तिसाव्या दिवसाची वाट न बघता. बॉक्समध्ये चिठ्ठी टाकायची तर टाका, पण ती आठवण म्हणून मोजू नका. दोन महिने ज्या बॉक्सला किल्ली लागलेली नाही त्यात टाकलेली चिठ्ठी कुणालाच लिहिलेली नसते. बॉक्स तुडुंब भरलेला दिसला की तोच इशारा समजा आणि मुदत संपायची वाट न बघता फोन उचला.

कार्डाची मुदत ज्यांची नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संपतेय त्यांची वेगळी यादी करा. या एका कामाने माझी निम्मी थकबाकी व्हायच्या आतच मिटते.

लेट फी माफ करण्याचा नियम आधीच ठरवा. माझ्याकडे वर्षातून एकदा, कुणालाही, कारण न विचारता. ओळखीच्यांना माफ आणि बाकीच्यांना दंड असं करू नका. महाराष्ट्र मंडळातला मित्र आणि रात्रपाळीहून सरळ टपाल न्यायला येणारा ट्रकचालक, दोघांना एकच नियम. माफ केली की वहीत तारीख लिहा, नाहीतर काउंटरवर दुसरं कुणी असलं की वाद होतो.

सॉफ्टवेअरमधलं ‘आपोआप बॉक्स बंद’ हे बटण आजच काढून टाका. आज म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच. बॉक्स बंद करणं हे माणसाने, दुसऱ्या माणसाशी बोलल्यानंतर करायचं काम आहे. लोक या पत्त्यावर अर्ज करतात, औषधं मागवतात, कोर्टाचे कागद मागवतात. इमिग्रेशन खात्याची पत्रं तर टपाल खातं नव्या पत्त्यावर पुढे पाठवतच नाही, ती पाठवणाऱ्याकडे परत जातात. आपल्या बॉक्सचा ग्राहक टपाल खात्यात पत्ताबदलाचा अर्जसुद्धा करू शकत नाही. फॉर्म १५८३ वर तसं लिहिलेलंच आहे. म्हणजे आपण दार लावलं की त्या माणसापाशी दुसरी वाट उरत नाही. भाडं थकलं म्हणून त्याचं पत्र आपलं होत नाही. पंचवीस-तीस डॉलरसाठी कुणाच्या वर्षभराच्या अर्जावर पाणी पडू देऊ नका.

आणि मी जे केलं ते नियमातही बसत नव्हतं. बॉक्स बंद झाल्यावरही निदान सहा महिने त्या ग्राहकाचं टपाल आपल्याला नाकारता येत नाही. ते नवं टपालशुल्क भरून त्याच्याकडे पुढे पाठवायचं असतं. हा खर्च कुठून येणार ते आधी ठरवा: बॉक्स देतानाच टपालखर्चाची ठेव घ्या, करारात लिहा. आणि पुढे पाठवायचा पत्ताही तेव्हाच विचारा, दुसऱ्या संपर्काच्या शेजारच्या रकान्यात. बंद झाल्यावर विचारू म्हटलं तर विचारायला माणूसच सापडत नाही.

कॅलिफोर्नियात असाल तर तिथला राज्याचा कायदा वेगळा वाचा. बॉक्स बंद झाल्यावर दोन वर्षं कोर्टाचे कागद स्वीकारण्याची जबाबदारी तिथे आपल्यावर येते.

बाकीचं भराभर सांगतो. बंद करायचाच झाला तर लेखी नोटीस, ईमेलनेही आणि घरच्या पत्त्यावरही. बंद केल्याची तारीख त्याच दिवशी टपाल खात्याच्या नोंदणीत घाला. तिमाही प्रमाणन, म्हणजे नोंदणीतली ग्राहकांची यादी बरोबर आहे असं टपाल खात्याला कळवणं, १५ जानेवारीपर्यंत असतं, नेमकं वसुलीच्या धांदलीत, म्हणून यादी आधीच जुळवून ठेवा. पुढची १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर. सहा महिने कधी पुरे होतात ती तारीख कॅलेंडरवर. कुलपं मागवून ठेवा, जानेवारीत मिळायला वेळ लागतो. रोख घेतली तर पावती लगेच.

बंद करण्याआधीच्या पानावर मी आता तीन ओळी छापून घेतल्या आहेत: दुसऱ्या संपर्काशी कोण बोललं, कोणत्या तारखेला, पलीकडचा माणूस काय म्हणाला. तिन्ही ओळी भरल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, असं काउंटरवर बसणाऱ्या दोघांनाही सांगितलंय. काल छापून आलेल्या यादीत लाल खुणा अकरा आहेत. उद्या सकाळी साडेआठला पहिला फोन नाशिकला लावायचाय.