जीएम अन्नाच्या परवानगीत पाणी कुठे मुरतं ते कागदांवरून कसं शोधायचं

जीएम, म्हणजे जनुकांत बदल केलेल्या पिकाला परवानगी मिळाली अशी बातमी आली की ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतात, एक म्हणजे हे खाल्लं की कॅन्सर होणार आणि दुसरा म्हणजे विरोध करणारे सगळे विज्ञानाचे शत्रू. मग दोन दिवस भांडण होतं आणि विषय संपतो. फाईल मात्र कोणी उघडत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण कंपन्यांचा सरकारी नियमांवर किती प्रभाव पडला हे कळायला जीवशास्त्राची डिग्री लागत नाही, कागद वाचायची सवय लागते. गेली काही वर्षं मी हे कागद वाचतोय, तर कसं वाचायचं ते सांगतो.

आधी हे बघा की निर्णय कुठल्या टेबलावर झाला. आपल्याकडे जीएमचे मूळ नियम ५ डिसेंबर १९८९ चे, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यात सुरुवातीच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी आरसीजीएम ही समिती बायोटेक्नॉलॉजी विभागात बसते आणि शेतात पीक सोडायचं की नाही हे बघणारी जीईएसी पर्यावरण मंत्रालयात. खाण्याच्या पदार्थाचा विषय एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, म्हणजे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट आहे की नियमांनी परवानगी दिल्याशिवाय जीएम अन्न बनवता, विकता किंवा आयात करता येत नाही. आणि आयातीचं नोटिफिकेशन काढतं डीजीएफटी, म्हणजे परदेशी व्यापार बघणारं महासंचालनालय, ते वाणिज्य मंत्रालयाचं.

हे एवढं सगळं का सांगतोय, तर २०२१ चं सोयापेंडीचं प्रकरण आठवा. आमच्या लातूर भागात ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं, पेंड महाग झाली म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी आयातीची मागणी लावून धरली, आणि २४ ऑगस्टला डीजीएफटीने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली, न्हावा शेवा बंदरातून आणि बंगालच्या पेट्रापोलमधून. पर्यावरण मंत्रालयाचं म्हणणं काय होतं, तर दळून तेल काढलेल्या पेंडीत जिवंत जीव नाही म्हणून आमची हरकत नाही. आता ज्यांनी फक्त जीईएसीची वेबसाईट बघितली त्यांना यातलं काही सापडलंच नसतं. नवीन माल यायच्या तोंडावर हा निर्णय आला, भाव पुढे उतरले, त्यात नव्या आवकेचाही वाटा होता हे मान्य, पण मागणी कोणी केली, कोणत्या तारखेला केली आणि किती दिवसांत मान्य झाली हे तीन प्रश्न आमच्याकडे बाजार समितीत कोणी विचारलेच नाहीत. म्हणून पहिलं काम हेच, तारखांची एक यादी करा. निवेदन कधी गेलं, बैठक कधी झाली, आदेश कधी निघाला.

दुसरं, चाचण्यांचा डेटा कोणी तयार केला. यासाठी सगळ्यात चांगली फाईल बीटी वांग्याची, म्हणजे अळी मारणारा जीन घातलेल्या वांग्याची, आणि ती आपल्या घरचीच आहे कारण ते वांगं विकसित करणारी महिको कंपनी जालन्याची. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, सुरक्षिततेच्या चाचण्यांचा डेटा अर्ज करणारी कंपनीच सादर करते, तसा नियमच आहे आणि बहुतेक देशांत असंच चालतं, त्यामुळे कंपनीचा डेटा म्हणजे लगेच खोटा असं म्हणू नका. प्रश्न असा विचारायचा की तो डेटा बाहेरच्या माणसाला तपासायला मिळाला का. बीटी वांग्याचा मिळत नव्हता. २००६ मध्ये आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराखाली तो मागितला गेला, व्यापारी गुपित आहे म्हणून नकार आला, २००७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने द्या म्हणून सांगितलं, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, शेवटी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने विषारीपणा आणि ॲलर्जीच्या चाचण्यांचा डेटा लोकांसमोर ठेवायला लावला तेव्हा कुठे तो वेबसाईटवर आला. म्हणजे ज्या वांग्याचं भरीत आपण खाणार होतो त्याची माहिती मिळवायला दोन वर्षं आणि सुप्रीम कोर्ट लागलं! पण त्या भांडणाचा फायदा आज आपल्याला होतो, म्हणून आरटीआय कसा टाकायचा ते जरा सविस्तर.

केंद्राचा आरटीआय ऑनलाईन जातो, फी १० रुपये. "जीएम पिकांबद्दल सर्व माहिती द्यावी" असं कधीच लिहू नका, त्याला "माहिती विस्तृत आहे" असं एका ओळीचं उत्तर येतं, मला आलंय. कागदाचं नाव घेऊन मागा. म्हणजे असं लिहा: अमुक तारखेच्या बैठकीचा अजेंडा आणि इतिवृत्त, त्या बैठकीला हजर सदस्यांची यादी, सदस्यांनी भरून दिलेली हितसंबंधांची घोषणापत्रं, या विषयावर अमुक ते अमुक तारखेत कंपन्या आणि उद्योग संघटनांकडून आलेली निवेदनं, आणि फाईलवरच्या नोटिंगच्या प्रती. नोटिंग हा शब्द विसरू नका, अधिकाऱ्याने समासात काय शेरा मारला आणि तो वर जाताना कसा बदलला हे तिथेच दिसतं.

नकार बहुतेक वेळा कलम ८(१)(घ) खाली येतो, व्यापारी गुपित. त्याच कलमात पुढे लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, आणि नकार देणारे तेवढा भाग सोडून उतारा देतात. अपिलात तो भाग पूर्ण लिहा आणि बीटी वांग्याच्या २००७ च्या आयोगाच्या आदेशाचा आणि २००८ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाचा उल्लेख करा. आणि कंपनीला विचारून उत्तर द्यायचं असेल तर कलम ११ लागतं, तेव्हा मुदत ३० ऐवजी ४० दिवस धरा.

तिसरं, टेबलाभोवती कोण बसलंय. एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा, चार रकाने करा: नाव, संस्था, त्या संस्थेला पैसा कोणाचा, आणि समितीनंतर हा माणूस कुठे गेला. शेवटचा रकाना भरायला वर्षं लागतात पण तोच सगळ्यात बोलका. अमेरिकेचं उदाहरण बघा, मायकल टेलर हे मोन्सँटो या जीएम बियाण्यांच्या कंपनीचं काम करणाऱ्या लॉ फर्ममध्ये होते, १९९१ ला अन्न आणि औषध प्रशासनात, म्हणजे एफडीएमध्ये, धोरणाचे उपायुक्त झाले, १९९२ चं जीएम अन्नाचं धोरण त्याच काळातलं, पुढे मोन्सँटोचे उपाध्यक्ष झाले आणि २०१० ला परत एफडीएत अन्नविभागाचे उपायुक्त. युरोपात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या जीएमओ विभागाच्या प्रमुख सुझी रेंकेन्स २००८ ला सिंजेंटा या बियाणं कंपनीत गेल्या. त्याच प्राधिकरणाच्या बोर्डाच्या अध्यक्ष डायना बनाती यांना २०१२ मध्ये पद सोडावं लागलं कारण त्या उद्योगांच्या पैशावर चालणाऱ्या आयएलएसआय या संस्थेत कामाला चालल्या होत्या. हे सगळं उघड नोंदींवरून कळलं, कोणी चोरून कागद काढले नाहीत.

आपल्याकडे बीटी वांग्याला १४ ऑक्टोबर २००९ ला जीईएसीने हिरवा कंदील दिला, तिनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. पुढे २०१२ मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीने, बासुदेव आचार्य अध्यक्ष होते, जीएम पिकांवर अहवाल दिला. सुप्रीम कोर्टाने जीईएसीवर निरीक्षक म्हणून नेमलेले शास्त्रज्ञ पी. एम. भार्गव यांनी संसदेच्या या समितीला कळवलं होतं की त्या तज्ज्ञ समितीच्या प्रमुखांवर उद्योगाचा आणि वरून दबाव असल्याचं त्यांना सांगितलं गेलं, आणि संसदेच्या समितीने त्याची चौकशी करा म्हटलं. हा आरोप आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, पुढे पाठवताना तसाच पाठवा. अहवाल मात्र पूर्ण वाचा, ही समिती आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना पण भेटून आली होती.

आणि फक्त कंपनीच नाही हं. डीएमएच-११ ही जीएम मोहरी दिल्ली विद्यापीठाची, सरकारी पैशाची, म्हणून लोक म्हणतात इथे कंपनीचा संबंधच नाही. पण तिला पैसा देणाऱ्यांत बायोटेक्नॉलॉजी विभाग आहे आणि आरसीजीएम त्याच विभागात बसते, म्हणजे बियाण्याला खतपाणी घालणारा आणि त्याची राखण करणारा एकाच घरातले, कुंपणच शेत खायला लागलं तर सांगणार कोणाला? जुलै २०२४ मध्ये या मोहरीवर सुप्रीम कोर्टाचा दोन न्यायाधीशांचा निकाल वेगवेगळा आला, पण राष्ट्रीय धोरण करा यावर दोघांचं एकमत झालं, आणि ३१ डिसेंबर २०२४ ला पर्यावरण मंत्रालयाने १९८९ च्या नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला की जीईएसीच्या तज्ज्ञ सदस्यांनी आपले हितसंबंध जाहीर करावेत. पस्तीस वर्षांनी!

चौथं, मजकूर कुठून आला. २०१० मध्ये देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांनी मिळून जीएम पिकांवर अहवाल दिला, त्यात बीटी वांग्याची बाजू घेतली होती, आणि नंतर निघालं की त्यातले परिच्छेद एका पुरस्कर्त्या शास्त्रज्ञाच्या लेखातून जसेच्या तसे उचललेत. तो अहवाल तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनीच मागवला होता आणि त्यांनीच तो मोडीत काढला. हे तुम्हीसुद्धा करू शकता. सरकारी अहवालातलं एखादं लांब, जरा विचित्र शब्दांचं वाक्य उचला, अवतरणचिन्हांत टाकून सर्च करा, उद्योग संघटनेच्या पत्रकात किंवा कंपनीच्या अर्जात तेच सापडतं का बघा. आकडे पण तपासा, एखादी चूक दोन्हीकडे सारखीच असेल तर ती कुठून कुठे गेली ते कळतं.

व्याख्यांवर पण नजर ठेवा, तिथे एका शब्दाने सगळं फिरतं. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने जीनोम एडिटिंगच्या, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल करण्याच्या, काही प्रकारांना, बाहेरचा जीन शेवटी राहत नाही अशांना, १९८९ च्या नियमांतल्या ७ ते ११ या कलमांतून सूट मिळाली. सूट बरोबर का चूक यावर शास्त्रज्ञांत खरे मतभेद आहेत, मी त्यात शिरत नाही. आणि अमेरिकेत व्हरमाँट राज्याचा जीएम लेबलचा कायदा १ जुलै २०१६ ला लागू झाला आणि २९ जुलैला केंद्राने नवा कायदा करून तो झोपवला, लेबलऐवजी क्यूआर कोड पण चालेल म्हणून. किराणा दुकानात उभं राहून मोबाईलने कोड स्कॅन करणारी किती माणसं तुम्ही बघितलीत?

पैशाचा माग काढणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदाच नाही. बाहेर काही देशांत पैशाचा हिशोब द्यायला लावणारे कायदे असतात, म्हणून तिथे सापडतं. इंडोनेशियात मोन्सँटोच्या बीटी कापसासाठी पर्यावरण अभ्यासाची अट काढून टाकावी म्हणून २००२ मध्ये तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याला ५०,००० डॉलर दिले गेले, बिलात लिहिलं सल्लागाराची फी, आणि २००५ मध्ये अमेरिकेत कंपनीने एकूण १५ लाख डॉलर दंड भरला. अट मात्र निघाली नव्हती. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २०१३ च्या जीएम लेबलवरच्या मतदानात लेबलविरुद्ध किराणा उत्पादकांच्या संघटनेने पैसा लावला आणि खरे देणगीदार लपवले, त्याला १ कोटी ८० लाख डॉलरचा दंड झाला आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दोन्हीकडे बघा, पैसा सल्लागाराच्या नाहीतर संघटनेच्या नावाने फिरला, म्हणून आपण आरटीआयमध्ये निवेदनं मागताना संघटनांची नावं घालायची.

पण एक सांगतो, मनापासून. जो जीएमच्या बाजूने बोलतो तो कंपनीचा माणूस असं धरून चालू नका. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं एचटीबीटी कापसाचं बियाणं उघडपणे लावलं, गुन्हा अंगावर घेऊन. निंदणीच्या मजुरीने कंबर मोडलेल्या माणसाला तणनाशक सोसणारं वाण हवंसं वाटतं. त्याला कंपनीचा दलाल म्हटलं की बोलणं तिथेच संपतं, आणि तुमच्या वहीतल्या चार रकान्यांवर पण मग कोणी विश्वास ठेवत नाही.

मसुदा निघाला की हरकती-सूचना पाठवायला मुदत असते, १९८९ च्या नियमांच्या त्या दुरुस्तीला ६० दिवस होती. एकच छापील पत्र हजार जणांनी पाठवलं तर ते एकच सूचना म्हणून मोजलं जाऊ शकतं, त्यापेक्षा एकेका पोटनियमाचा नंबर टाका, तिथे कोणते शब्द हवेत ते लिहा, आणि खाली एक उदाहरण द्या. समजा हितसंबंधांच्या घोषणेबद्दल लिहिताय तर असं: घोषणापत्र बैठकीआधी वेबसाईटवर टाकावं, त्यात मागच्या काही वर्षांतला संस्थेला मिळालेला निधी पण यावा, आणि समिती सोडल्यावर ठराविक काळ संबंधित कंपनीत नोकरी घेता येऊ नये. जाहीर सुनावणी असेल तर जा. २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत जयराम रमेश यांनी बीटी वांग्यावर देशात सात ठिकाणी सुनावण्या ठेवल्या, त्यातली एक नागपूरला होती, तिथे शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपनीची माणसं सगळी एका हॉलमध्ये भांडली, आणि ९ फेब्रुवारीला स्थगिती आली.

आरटीआयचं उत्तर आलं की पानांवर नंबर टाका, पोचपावती जपून ठेवा. उत्तर आलंच नाही तर ३१ व्या दिवशी पहिलं अपील, त्याला केंद्रात फी नाही. अर्धवट आलं तर मिळाल्यापासून ३० दिवसांत. त्यानंतर दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत. या तारखा आत्ताच मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, माझं एक अपील फक्त चार दिवस उशीर झाला म्हणून अडकलं होतं आणि तो सगळा उद्योग मला पहिल्यापासून परत करावा लागला.