शाळा सुटल्यानंतरचे वर्ग : माणसे कशी नेमावीत

नवी मुंबईतील दिघा, तुर्भे किंवा घणसोली येथील महापालिका शाळांतील अनेक मुलांचे आईवडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत किंवा घरकामाला जातात. शाळा सुटल्यापासून ते परतेपर्यंत मूल कोणाच्या नजरेखाली राहणार, हा प्रश्न या वर्गांच्या मुळाशी आहे. त्यामुळे वर्गाची वेळ पालकांना विचारूनच ठरवावी.

प्रस्ताव आधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ठराव झाल्यावर मुख्याध्यापकांमार्फत महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे परवानगी मागावी.

खरी कसोटी माणसे नेमण्यात लागते. दिवसभर शिकवून थकलेल्या शिक्षकांवरच संध्याकाळचा भार टाकणे हा सोपा, पण माझ्या मते चुकीचा मार्ग आहे. शिवाय त्याच कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते, म्हणून पालकांकडून पैसे घेऊन शिक्षकांनाच वर्ग देण्याचा विचार सोडून द्यावा. वस्तीतील, मुलांची घरची भाषा समजणाऱ्या पदवीधर तरुण-तरुणींना ठरलेल्या तारखेला मिळणाऱ्या मानधनावर नेमावे (फुकटची सेवा परीक्षेचे दिवस आले की थांबते). साधारण वीस मुलांमागे एक व्यक्ती असावी, मात्र मुले कमी असली तरी दोन प्रौढ हजर हवेतच. नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी करून घ्यावी, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) अशा अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

खाऊ, दिवे आणि स्वच्छतागृहाची किल्ली यांची जबाबदारी लेखी ठरवावी.